विजेचा हिशेब घरातल्यांना कधी दिसू लागला?

थॉमस एडिसनच्या कंपनीने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज विकायला सुरुवात केली. त्या काळच्या तिच्या मीटरवर आकडेच नव्हते. झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर बसे. कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, वजन करी आणि त्यावरून बिल ठरे. ग्राहकाला ताळा करून बघायची सोयच नव्हती. घरच्या वीजवापरावर नजर ठेवणाऱ्या आजच्या एनर्जी मॉनिटरची गोष्ट मला इथूनच सुरू होते असं वाटतं, कारण मोजणी जन्मली ती विकणाऱ्याच्या गरजेतून.

१८८९ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या ओटो ब्लाथीने एसी, म्हणजे दिशा सतत उलटसुलट बदलणाऱ्या विजेच्या मीटरचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या जुन्या मीटरमधली फिरती चकती त्याच परंपरेतली. आता आकडा दिसू लागला, पण नुसत्या बेरजेचा. फ्रिजचे युनिट किती, गीझरचे किती, हे त्यातून कळत नव्हतं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर घराघरांतला वापर अभ्यासाचा विषय झाला. न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टनच्या संशोधकांनी काही कुटुंबांना त्यांचा वापर वरचेवर कळवायला सुरुवात केली. १९७७ च्या निबंधात नोंद आहे, की या घरांनी इतरांपेक्षा १०.५ टक्के कमी वीज वापरली. कुठलंही नवं यंत्र न देता, फक्त माहिती देऊन!

खरी कलाटणी दिली ती एमआयटीच्या जॉर्ज हार्टने. प्रत्येक उपकरण चालू-बंद होताना घराच्या एकूण वीजवापराच्या आलेखात ठरावीक उंचीची पायरी उमटते. या पायऱ्या ओळखल्या तर एकाच जागी मोजून कोणतं उपकरण चालू आहे ते सांगता येतं. त्याचा मुख्य निबंध १९९२ चा. त्याचं मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसतं: याच तंत्राने घरावर पाळत ठेवता येईल, हा इशारा त्याने स्वतःच १९८९ मध्ये दिला होता. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या सिनेटने स्मार्ट मीटरची, म्हणजे वापराच्या नोंदी आपोआप कंपनीला कळवणाऱ्या मीटरची, सक्ती रोखली, ती खासगीपणाच्याच प्रश्नावर.

त्याच वर्षी गूगलने पॉवरमीटर आणि मायक्रोसॉफ्टने होम ही घरचा वीजवापर ऑनलाइन दाखवणारी सेवा आणली. २०१२ संपेपर्यंत दोन्ही बंद झाल्या. टिकला तो वेल्समधला ओपनएनर्जीमॉनिटर हा प्रकल्प. मुख्य वायरीभोवती अडकवायचा सीटी क्लॅम्प (वायर न कापता विजेचा प्रवाह मोजणारा चिमटा), छोटं सर्किट आणि सगळ्यांसाठी खुली आज्ञावली. यात नोंदी घरातल्याच संगणकावर ठेवता येतात.

पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेने हीच दृष्टी वीजपुरवठ्याकडे वळवली. घरांमध्ये यंत्रं बसवून व्होल्टेजच्या मिनिटामिनिटाच्या नोंदी घेतल्या आणि त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. पुढे महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या काही घरांचा वापरही मोजला. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल करून स्मार्ट मीटरचं रीडिंग रोज किमान एकदा घेणं आणि ती माहिती ग्राहकाला देणं बंधनकारक केलं.