पोर्टफोलिओ करिअर

एकाच पूर्णवेळ नोकरीऐवजी वेगवेगळ्या जातीची चार-पाच कामं एकत्र धरून उभं केलेलं कामाचं आयुष्य. म्हणजे दोन दिवस शिकवणं, अधूनमधून भाषांतर, एखाद्या संस्थेचे हिशेब आणि उरलेला वेळ स्वतःचं संशोधन, असं काहीतरी. फ्रीलान्सिंगशी याची कायम गल्लत होते. फ्रीलान्सर एकच काम दहा जणांसाठी करत असू शकतो, इथे कामंच वेगळी असतात.

शब्द कुठून आला यावर दोन मतं संभवतात. मूळ इटालियन 'पोर्ताफोल्यो', म्हणजे कागद ठेवून न्यायचं पाकीट. त्यावरून पुढे चित्रकाराची चित्रांची फाइल, मंत्र्याचं खातं ('बिनखात्याचा मंत्री' आठवा) आणि गुंतवणूकदाराचे शेअर-रोखे असे तीन अर्थ फुटले. कामाच्या संदर्भात तो रुजवण्याचं श्रेय सहसा आयरिश व्यवस्थापन-विचारवंत चार्ल्स हँडी यांच्या १९८९ च्या पुस्तकाला देतात, कल्पना मात्र त्यांच्या लिखाणात त्याआधीपासून, साधारण १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धापासून घोळत असावी. आता हँडींचा पोर्टफोलिओ चित्रकाराचा की गुंतवणूकदाराचा? फाइलचा अर्थ सोयीचा वाटतो, पण फाइल म्हणजे झालेल्या कामाचा नमुना, आणि हँडींचा भर आहे तो सगळे तुकडे मिळून तोल कसा साधतो यावर, तेव्हा गुंतवणुकीचा अर्थ जास्त जवळचा म्हणावा लागेल.

हा नुसता शब्दांचा कीस नाहीये. अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये गणिताने दाखवलं की जोखीम नुसती शेअरच्या संख्येवर ठरत नाही, ते शेअर एकमेकांबरोबर किती वर-खाली होतात यावरही ठरते. तेच इथे लावलं तर, एकाच क्षेत्रातल्या तीन क्लायंटची तीन कामं ही दिसायला तीन पण मंदी आली की तिन्ही एकदमच जाणार. उलट एक रटाळ पण नियमित पैसे देणारं काम आणि एक बेभरवशाचं पण जीव रमवणारं, ही जोडी कागदावर विचित्र दिसली तरी टिकते.

हँडींनी कामाचे पाच प्रकार केले: पगाराचं, फीचं, घरचं, सेवा म्हणून केलेलं आणि शिकण्याचं. पैसे फक्त पहिल्या दोनांत. बाकीची तीनही 'काम'च धरायची, ही खरी वेगळी गोष्ट होती, नाहीतर जोडधंदे माणसं आधीपासून करतच होती.

समाधानाबद्दल १९९७ चं एमी रेझनेव्स्की आणि सहकाऱ्यांचं संशोधन उपयोगी आहे. त्यात लोक आपल्या कामाकडे नोकरी (पैशांसाठी), करिअर (बढतीसाठी) किंवा जीवनध्येय (कामाच्याच ओढीने) अशा तीन नजरांनी बघताना दिसतात. पोर्टफोलिओत या तिन्ही अपेक्षा एकाच कामावर लादाव्या लागत नाहीत, वाटून देता येतात.

'एक ना धड, भाराभर चिंध्या' हा आक्षेप ठरलेलाच, आणि तो अगदीच पोकळ नाही. एका कामावरून दुसऱ्यावर गेलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगातून दाखवलं. म्हणून बरेचजण तासांऐवजी अख्खे दिवस वाटून घेतात. रजा, विमा, म्हातारपणाची तजवीज हे सगळं मात्र स्वतःलाच बघावं लागतं.