रानमोडीच्या पानाला भोक का नसतं?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसाळा सरता सरता सागाचं एखादं पान उजेडात धरून पाहा. अळ्यांनी हिरवा भाग खरवडून खाल्लेला असतो, मागे उरते ती शिरांची नाजूक जाळी. शेजारच्या रानमोडी या झुडपाचं पान चुरगाळलं की उग्र वास येतो, पण त्यावर भोक मात्र शोधावं लागतं.

रानमोडी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातली. तिथे तिची पानं कुरतडणारे, खोड पोखरणारे कितीतरी कीटक आहेत. इकडे ती आली, ते तिथेच राहिले.

पण शत्रू नसलेल्या मुलखात पिढ्यान् पिढ्या काढल्यावर झाडात काय बदल होतो? १९९५ मध्ये ब्लॉसी आणि नॉट्झोल्ड या शास्त्रज्ञांनी त्यावर एक तर्क मांडला. विषारी रसायनं बनवायची, पानं चिवट करायची, तर झाडाला खर्च येतो. खाणारंच कुणी नसेल, तर ज्या रोपांत हा खर्च जन्मजात कमी, ती भराभर वाढतात आणि त्यांचंच बी जास्त पसरतं. झाड काही ठरवत नाही. निवड आपोआप होत जाते.

हा तर्क प्रत्येक वनस्पतीला लागू पडलेला नाही. पण रानमोडीच्याच कुळातली एजराटिना मेक्सिकोतून भारतात आणि चीनमध्ये पसरली. तिन्ही देशांतली रोपं एकाच बागेत वाढवून पाहिली, तेव्हा इकडच्या रोपांनी पानं चिवट करणाऱ्या पेशीभित्तिकांवरचा नायट्रोजन कमी करून तो प्रकाशसंश्लेषणाकडे वळवलेला आढळला. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

मला त्याहून थक्क करते ती पार्सनिपची गोष्ट. गाजराच्या कुळातली ही युरोपीय वनस्पती उत्तर अमेरिकेत रानोमाळ पसरली, आणि तिच्यावर जगणारी अळी बऱ्याच काळानंतर तिथे पोचली. झँगर्ल आणि बेरेनबॉम या शास्त्रज्ञांनी १५२ वर्षांतले वाळवून जपलेले नमुने तपासले. अळी येण्याआधीच्या झाडांत विष कमी होतं, ती आल्यानंतरच्या झाडांत ते वाढलेलं दिसलं. सोडून दिलेली ढाल झाडांनी पुन्हा उचलली होती!

म्हणून धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमसारखे संग्रह मला फार मोलाचे वाटतात. कागदावर चिकटवलेल्या त्या तपकिरी फांदीशेजारी ती कुठे आणि कधी तोडली, हे लिहिलेलं असतं. काँग्रेस गवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे भारतात १९८४ साली, बंगळुरूत, मुद्दाम सोडले गेले. त्याआधीचं या गवताचं एक वाळकं पान आणि आज रेल्वे रुळांकडेला तोडलेलं एक पान शेजारी ठेवून दोन्हींतलं विष मोजायला हवं.