कान्ना: मेंढपाळांच्या पिशवीत मुरलेलं औषध

१६८५च्या ऑगस्टमध्ये केप टाउनच्या किल्ल्यातून बैलगाड्यांचा मोठा तांडा उत्तरेला निघाला. डच ईस्ट इंडिया कंपनीचा तिथला मुख्य कारभारी सिमोन व्हान डेर स्टेल स्वतः त्यात होता. नामाक्वालँडच्या डोंगरात तांबं असल्याची खबर होती आणि ते शोधायचं होतं. सोबत हेन्ड्रिक क्लॉडियस हा चित्रकार होता. वाटेत दिसणारी झाडं आणि प्राणी तो रंगवून ठेवत होता. या मोहिमेच्या कागदपत्रांत मांसल पानांच्या एका बुटक्या झाडाची नोंद आहे. नामाक्वा लोक त्याला कान्ना म्हणतात, ऑक्टोबरमध्ये ते गोळा करतात, त्याचे देठ आणि मुळं जवळपास दिवसभर चघळतात आणि त्यांना त्याचा कैफ चढतो, असं तिथे लिहिलंय. हिंदुस्थानात विड्याच्या पानाला आणि सुपारीला जो मान, तोच इथे या झाडाला, अशी तुलनाही केली आहे. व्हान डेर स्टेलचं लहानपण बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात गेलं होतं. पान खाणारी माणसं त्याने जवळून पाहिली असणार. टिपणाचा शेवट मात्र अस्सल व्यापाऱ्याचा आहे: याची लागवड केली तर नफा व्हायला हरकत नाही.

नफ्याचा विचार इतक्या लवकर सुचला, पण झाडाचा गुण नेमका कशात आहे हे समजायला पुढची तीनशे वर्षं लागली. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कान्नाचं औषध केवळ झाडात नव्हतं. ते कधी तोडायचं, कसं कुटायचं, किती दिवस मुरवायचं आणि केवढी चिमूट तोंडात ठेवायची, या माहितीत ते होतं. ही माहिती खोईखोई मेंढपाळांकडे आणि सान शिकाऱ्यांकडे होती.

झाडाचं शास्त्रीय नाव स्केलेटियम टॉर्ट्युओसम. दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्येकडच्या कोरड्या पट्ट्यात, नामाक्वालँडपासून लिटल कारूपर्यंत, ते जमिनीलगत पसरतं आणि बऱ्याचदा दुसऱ्या झुडपाच्या आडोशाला वाढतं. नामाक्वालँडमध्ये पाऊस हिवाळ्यात येतो, तोही बेताचा. उरलेले महिने पानात साठवलेल्या पाण्यावर काढायचे. पानाच्या पृष्ठभागावर पाण्याने फुगलेल्या मोठ्या पेशी असतात. उन्हात धरलं तर त्या चमकताना दिसतात. उन्हाळा आला की जुनी पानं वाळतात पण गळत नाहीत. त्यांचा गर जातो आणि शिरांची जाळी तेवढी उरते, वहीत जपून ठेवलेल्या पिंपळपानासारखी. या जाळीच्या आत नवी कोवळी पानं उन्हापासून सुरक्षित राहतात. फुलं पांढरी, फिकट पिवळी किंवा गुलाबीसर, दोऱ्यासारख्या बारीक पाकळ्यांची. या कुळातल्या बऱ्याच झाडांची बोंडं पाणी लागल्यावरच उघडतात, म्हणजे बी बरोबर ओल्या जमिनीत पडतं. कुळ आपल्याला अगदीच परकं नाही. कोकणातल्या खाडीकाठी, मिठागरांच्या बांधांवर लालसर देठांचं आणि जाड पानांचं सेसुव्हियम पसरलेलं असतं, ते याच आयझोएसी कुळातलं. कान्नाचा गुण मात्र त्यात शोधू नये.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याचा शिष्य कार्ल थुनबर्ग १७७०च्या दशकात या भागात फिरला. लोक लांबून हे झाड न्यायला येतात, मुळापानांसकट कुटतात, तंबाखूच्या पेडासारखं वळतात आणि आंबवून जवळ बाळगतात, असं त्याने नोंदवलं आहे. विशेषतः तहान लागली की ते चघळतात, हेही त्याच्या लक्षात आलं. त्या प्रदेशाला तेव्हा कान्नालँड म्हणत. आजही लिटल कारूमधल्या एका नगरपालिकेचं नाव तेच आहे. त्याच्या आधी केपमध्ये काही वर्षं राहिलेल्या पीटर कोल्ब या जर्मन माणसाने कान्ना चघळणाऱ्यांचे डोळे कसे चमकतात, साध्या थट्टेवरही ते कसे खुलतात, याचं मोठं रसाळ वर्णन केलं. प्रमाणाबाहेर घेतलं तर शुद्ध हरपते, असंही त्याने लिहिलं. ही वर्णनं पुढे इतकी भडक वाटली की विसाव्या शतकात लुई लेविन या औषधशास्त्रज्ञाने शंका काढली: अशा साध्या झाडाने हे होणार नाही, लोक बहुधा गांजाविषयी बोलत असावेत. लेविनची शंका चुकीच्या दिशेने गेली, पण तिच्या मुळाशी एक खरा प्रश्न होता. ताजं पान चावलं आणि मुरवलेलं कान्ना चघळलं, तर दोन्हींचा परिणाम सारखाच असेल का?

मुरवण्याची रीत अभ्यासकांनी नामाक्वालँडमधल्या जाणत्यांकडून ऐकून लिहून ठेवली आहे. फुलोऱ्याच्या सुमाराला झाड उपटायचं, मुळासकट. दोन दगडांमध्ये ठेचून त्याचा चोथा करायचा. पूर्वी तो कातड्याच्या पिशवीत भरत, अलीकडे प्लास्टिकची पिशवी वापरतात. तोंड घट्ट बांधून पिशवी उन्हात ठेवायची. पिशवीत चोथा तापतो, घामेजतो, त्याला पाणी सुटतं. दोन-तीन दिवसांनी पिशवी उघडून चोथा हलवायचा आणि पुन्हा बांधायची. आठव्या दिवशी सगळं बाहेर काढून उन्हात पसरायचं. वाळल्यावर हाती येतो तपकिरी, दोरेदोरे सुटलेला चुरा. त्यातली चिमूट तोंडात धरली की जीभ आणि हिरड्या किंचित बधिर होतात. दातदुखीवर ते वापरत, त्याचा संबंध बहुधा इथेच आहे. चघळण्याखेरीज तपकिरीसारखं ओढण्याची, तंबाखूत मिसळून फुंकण्याची आणि काढा करून पिण्याची पद्धतही आहे. पोटशूळाने रडणाऱ्या तान्ह्या बाळाला अगदी थोडं कान्ना आईच्या दुधात कालवून देत. दारू सोडवण्यासाठीही काढ्याचा उपयोग केला जाई. लांबच्या चालीत भूक-तहान मारायला शिकारी ते सोबत ठेवत.

या आठ दिवसांत पिशवीत काय होतं? एक खुलासा असा, की या कुळातल्या झाडांमध्ये ऑक्झॅलेट हा क्षार बराच असतो, साधारण पालकात असतो तेवढा. ठेचल्याने आणि आंबवल्याने तो कमी होत असावा, म्हणजे रोज चघळणाऱ्याला त्याचा त्रास कमी. दुसरा प्रश्न अल्कलॉइडांचा, म्हणजे शरीरावर परिणाम करणाऱ्या झाडातल्या रसायनांचा, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. ऱ्होड्स विद्यापीठातल्या संशोधकांना २००९ मध्ये असं दिसलं, की मुरताना मेसेंब्रिन हे मुख्य अल्कलॉइड घटतं आणि त्याचं रूपांतर त्याच्या एका भावंडात होतं. पाणी आणि प्रकाश यांचा त्यात हात असतो. दहा वर्षांनी झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात उलट चित्र दिसलं: मुरवल्यावर मेसेंब्रिन वाढलं आणि इतर अल्कलॉइडं उतरली. मला यात विसंगतीपेक्षा एक सूचना दिसते. कुठल्या जागचं झाड, कोणत्या महिन्यातलं, पिशवीत किती ऊन पोचलं, यावर निकाल बदलत असणार. ऑक्टोबर, दगड, आठवा दिवस असे बारकावे जुन्या माणसांनी पिढ्यानपिढ्या उगाच जपले नव्हते.

मेसेंब्रिन वेगळं काढण्याचं श्रेय १९१४ मध्ये झ्विकी या संशोधकाला जातं. रेणूची रचना उलगडायला आणखी चार दशकं गेली. खरी उत्सुकता वाढली ती नैराश्यावरच्या आधुनिक गोळ्या बाजारात आल्यानंतर. मेंदूतली एक चेतापेशी सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन सोडते, ते शेजारच्या पेशीवर काम करतं आणि मग पहिली पेशी ते परत आत ओढून घेते. फ्लुऑक्सेटीनसारखी औषधं हे परत ओढणं रोखतात, त्यामुळे दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन जास्त वेळ टिकतं. मेसेंब्रिन हेच करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं. शिवाय ते आणि विशेषतः त्याचं भावंड मेसेंब्रेनोन हे फॉस्फोडायएस्टरेझ-४ नावाच्या एन्झाइमलाही अडवतं. हे एन्झाइम पेशीच्या आत निरोप पोचवणारा एक छोटा रेणू तोडत असतं. ते अडलं की तो निरोप लांबतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामानंतर कान्नाकडे दुहेरी काम करणारी वनस्पती म्हणून पाहिलं जाऊ लागलं. पुढे २०१६ मध्ये असंही मांडलं गेलं, की मेसेंब्रिनचं प्रमाण जास्त असलेला अर्क चेतापेशींना सेरोटोनिनसारखे संदेशवाहक रेणू सोडायलाच उद्युक्त करतो, म्हणजे फक्त परत ओढणं रोखण्यापुरतं त्याचं काम नाही. यंत्रणेचा हिशेब अजून पूर्ण जुळलेला नाही.

माणसांवरचे प्रयोग झाले आहेत, पण छोटे. त्यातला मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१३चा. १६ निरोगी स्वयंसेवकांना कान्नाच्या प्रमाणित अर्काचा २५ मिलीग्रॅमचा एक डोस दिला, आणि दुसऱ्या वेळी तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. कोणती केव्हा दिली हे ना त्यांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. मग एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना घाबरलेले चेहरे दाखवले. भीतीची चाहूल टिपणारा मेंदूचा बदामाएवढा भाग, अमिग्डाला, अशा वेळी उसळतो. अर्क घेतलेल्या वेळी ही उसळी कमी दिसली, आणि शरीराला ताणाच्या तयारीत आणणाऱ्या हायपोथॅलॅमसशी अमिग्डालाचं जोडलेपणही सैल पडलं. एका डोसात, काही तासांच्या आत. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला आठवडे लागतात, म्हणून हे लक्षवेधी. पण १६ जण, तेही निरोगी! चिंतारोगाने खरोखर बेजार झालेल्या माणसाला याने बरं वाटेल का, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही. त्याच वर्षी ३७ निरोगी लोकांना तीन महिने हा अर्क देऊन पाहिला गेला, मुख्यतः तो सुरक्षित आहे का हे तपासायला. गंभीर अपाय दिसला नाही. विचारांची लवचिकता मोजणारा एक लहान प्रयोगही झाला. एवढ्या सामग्रीवर कुणी कान्नाला नैराश्याचं औषध म्हणून विकत असेल, तर ते लोकांच्या दुखण्याशी खेळणं आहे.

आता पुन्हा नफ्याकडे. मेसेंब्रिन आणि त्याच्या भावंडांच्या मानसिक आजारांवरच्या वापराचं अमेरिकी पेटंट २००१ मध्ये दिलं गेलं. आपल्याकडे हळदीच्या पेटंटची लढाई तेव्हा ताजी होती. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं आणि रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना भारताच्या सीएसआयआरने जुने दाखले पुढे करून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. गंमत म्हणजे दक्षिण आफ्रिकेतही सीएसआयआर नावाचीच सरकारी संशोधन संस्था आहे आणि तिथे तिची भूमिका उलटी होती. भूक मारणाऱ्या हूडिया या दुसऱ्या मांसल झाडाचं पेटंट तिने सान लोकांना न विचारता घेतलं, त्यावर गदारोळ झाला आणि २००३ मध्ये सान लोकांशी वाटा देण्याचा करार करावा लागला. कान्नाच्या वेळी हा धडा समोर होता. प्रमाणित अर्क बनवणाऱ्या दक्षिण आफ्रिकी कंपनीने २००८ मध्ये साउथ आफ्रिकन सान काउन्सिलशी करार केला. मिळणाऱ्या रकमेतला अर्धा भाग नामाक्वालँडमधल्या पॉल्सहुक आणि नौरिव्हियर या दोन गावांना जायचा ठरला, कारण झाडाच्या वापराची माहिती संशोधकांना तिथल्या लोकांनी दिली होती. हळदीचं पेटंट रद्द झालं, कान्नाचं टिकलं पण वाटा ठरला. मला दुसरा मार्ग कमी अभिमानाचा वाटत नाही. गावांची नावं करारात लिहिली जाणं ही साधी गोष्ट नव्हे.

उपटून न्यायचं झाड असल्याने जंगली कान्ना अनेक ठिकाणी दुर्मीळ झालं. मुळासकट काढलं की त्या जागी पुन्हा फुटवा येत नाही. आता चांगल्या अर्कासाठी निवडक वाणांची शेती होते. निवड का लागते, तर दोन खोऱ्यांतली कान्नाची झाडं दिसायला सारखी असली तरी एकात मेसेंब्रिन भरपूर आणि दुसऱ्यात जवळजवळ नाही, असं आढळतं.

इंटरनेटवर आज कान्नाची पावडर, गोळ्या, थेंब असं सगळं मिळतं. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर ते दुकानातही दिसत असेल. नैराश्यावरच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या चालू असतील, तर कान्ना घेऊ नये. दोन्हींचा मारा सेरोटोनिनवरच होतो आणि ते प्रमाणाबाहेर वाढलं तर थरथर, ताप, गोंधळलेपण अशी अवस्था येऊ शकते, जी क्वचित जिवावर बेतते. चालू गोळ्या आपल्या मनाने थांबवून कान्नाकडे वळणं त्याहून वाईट; असा बदल मनात असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते टाळलेलं बरं, कारण बाळांवरच्या परिणामाचा आधुनिक अभ्यास नाही. आणि प्रयोगांत आलेला २५ मिलीग्रॅमचा आकडा त्या एका प्रमाणित अर्काचा आहे. सुट्या पावडरीच्या पुडीवर तो छापलेला दिसला, तरी आत किती मेसेंब्रिन आहे हे त्यावरून कळत नाही.