बट्टी रात्री वाफवा, सकाळी भाजा
बट्टीच्या पिठासोबत आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीत पुण्या-मुंबईची मुले रात्रीच्या गाडीने निघतात आणि पहाटे जळगाव-भुसावळला उतरतात. चहा, गप्पा, अंघोळी होईस्तोवर दहा वाजतात. तेव्हा पोहे करावेत तर दोन तासांनी पुन्हा स्वयंपाक. सरळ जेवण करावे तर घरातली बाई पाचला उठून ओट्याशी. अशा दिवशी साडेदहाला एकच ताट मांडावे, वरण-बट्टीचे: तुरीचे वरण आणि गहू-मक्याच्या जाड पिठाचे खरपूस भाजलेले गोळे. तोच नाश्ता, तेच जेवण. मात्र बट्टीचे निम्मे काम आदल्या रात्री उरकलेले हवे. ते कसे, हे सांगायला हे पत्रक.

पीठ

या पिशवीत चार भाग लोकवन गहू आणि एक भाग मका आहे. दोन्ही एकत्र दळतो. पोळीच्या पिठापेक्षा जाड, रव्यापेक्षा बारीक. चिमूटभर बोटांत चोळलेत की कण लागले पाहिजेत. बारीक पीठ भिजवले की त्याला चिवटपणा फार येतो आणि भाजल्यावर बट्टी आतून गिच्च, बाहेरून दगड होते. मक्यात गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून तो बट्टी मोकळी ठेवतो. मागे एका दिवाळीच्या गर्दीत गिरणीचे दगड जास्त जवळ लागले आणि आमच्याच काही पिशव्यांत पीठ बारीक गेले. लोकांच्या सणाच्या बट्ट्या बिघडल्या, याचे आम्हाला फार वाईट वाटले. तेव्हापासून दळणाचा प्रत्येक घाणा हाताने चोळून पाहिल्याशिवाय पिशवीत भरत नाही.

घरचे गहू-मका असतील तर जरूर तेच वापरा. जवळच्या गिरणीत ‘बट्टीचे दळायचे आहे’ एवढे सांगितले की खानदेशात पुढे काही समजावावे लागत नाही.

आदल्या रात्री

अर्धा किलो पिठाच्या पंधराएक बट्ट्या होतात. चार-पाच माणसांना पुरतात. पिठात हातावर चुरडलेला ओवा एक चमचा, जिरे एक चमचा, हळद अर्धा चमचा, मीठ दीड चमचा आणि खाण्याचा सोडा पाव चमचा घाला. मग पाच मोठे चमचे तेल गरम करून ओता, हाताला सोसेल इतके निवले की पिठाला नीट चोळा. मूठ आवळली तर पिठाची मूठ तशीच राहिली पाहिजे. तेलाचा हात इथे आखडू नका: पिठाचे कण तेलात माखले की पाणी घातल्यावर त्यांना चिवटपणा कमी येतो, बट्टीचा खुसखुशीतपणा सगळा त्यातच आहे. दोन मोठे चमचे दही घाला आणि पाणी थोडे थोडे, सगळे मिळून दोनशे मिलीलीटरच्या आसपास. गोळा पुरीच्या कणकेहून घट्ट हवा. अर्धा तास झाकून ठेवा.

मोठ्या लिंबाएवढे गोळे करा, मधोमध अंगठ्याने जरासे दाबा. मोदकपात्रात तेल लावलेल्या चाळणीवर वीस ते पंचवीस मिनिटे वाफवा. सुरी खुपसून पाहा. कच्चे पीठ चिकटले नाही की झाले. पूर्ण निवल्यावर डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की हाच बेत होतो, आणि तेव्हा आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. बाहेर ठेवलेली बट्टी सकाळपर्यंत आंबते.

सकाळी

आत शिजण्याचे काम रात्रीच झालेले असते, सकाळी फक्त वरचे कवच खरपूस करायचे. बट्ट्या अर्धा तास आधी बाहेर काढा. ओटीजीच्या (विजेच्या छोट्या ओव्हनच्या) वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या चालू करून 200 अंशांवर दहा मिनिटे तापू द्या. बट्ट्यांना तूप चोळा, मधल्या जाळीवर ठेवा, वीस ते पंचवीस मिनिटे भाजा, मध्ये एकदा उलटा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे जमत नाही, बट्टी चामड्यासारखी होते. त्यात कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेने भाजण्याची, सोय असेल तरच लावा. ओव्हन नसेल तर आप्पेपात्रात मंद आचेवर झाकण ठेवून भाजा, वेळ थोडा जास्त द्या.

शेतात बेत असेल तर वाफवूच नका. गोवऱ्या पेटवा, धूर पूर्ण जाऊन निखारे आणि राख उरेपर्यंत थांबा, मग कच्चे गोळे त्यात पुरा. अर्ध्या-पाऊण तासाने काढून जाड फडक्यात घोळवले की राख झडते. तो वास ओव्हनच्या बट्टीला येत नाही, हे आम्हाला मान्य आहे.

पुष्कळ घरी वाफवलेल्या बट्टीचे तुकडे करून तळतात. लग्नाच्या पंगतीतली चव तीच, आणि ती उत्तमच लागते. पण तळणारीला शेवटपर्यंत कढईजवळ उभे राहावे लागते. भाजलेल्या पंधराच्या पंधरा बट्ट्या एकदम गरम निघतात आणि सगळ्यांबरोबर तीही ताटावर बसते. सणाला आम्ही भाजायचा आग्रह धरतो तो एवढ्यासाठी.

सोबत

तुरीचे वरण नेहमीपेक्षा जरा पातळ ठेवा, बट्टी ते पटकन पिते. वांग्याची घोटलेली भाजी रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी जास्त मुरलेली लागते. थंडीत भरीत असेल तर विचारायलाच नको. बट्टी गरम असतानाच कुस्करा, आधी तूप, मग वरण.

पिशवी उघडल्यावर पीठ महिनाभरात संपवा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांत. मक्यात तेलाचा अंश असतो, त्यामुळे उष्णतेत पीठ खवट होते. तसा वास आला तर त्याच्या बट्ट्या करू नका. पिशवी घेऊन या, बदलून देऊ. दिवाळीच्या आठवड्यात ताजे दळून देतो, तेवढे दोन दिवस आधी सांगून ठेवा.