गाढवाच्या नाकपुडीवरचे पांढरे दाणे: खरूज की आणखी काही?

गाढवाच्या नाकपुडीवर बारीक पांढरे दाणे दिसले, केस गळाले, की ‘खरूज किंवा बुरशी’ असं म्हणून मलम चोळायचं, ही समजूत जुनी आहे. काही वेळा ती खरीही ठरते. पण हेच दाणे बेस्नॉइटिया बेनेटी या एकपेशीय परजीवीच्या गाठी असू शकतात. अमेरिका आणि युरोपातल्या गाढवांमध्ये हा रोग आता अधिक नोंदला जातो आहे.

गोंधळ होतो तो त्वचा खरवडून केलेल्या तपासणीमुळे. त्यात खरजेचे किडे सापडतात; या गाठी मात्र त्वचेच्या आतल्या थरात असतात. म्हणजे ‘खरवडीत काही नाही’ याचा अर्थ ‘रोग नाही’ असा होत नाही.

आधी डोळा पाहा. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागावर टाचणीच्या टोकाएवढे मोत्यासारखे ठिपके असतील, तर संशय बळावतो. (खरूज डोळ्यात मोती पेरत नाही!) पक्कं निदान त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून होतं, रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी जोडीला उपयोगी पडते. खात्रीचं औषध अजून नाही.