सेल्फ उतरवण्याआधी मीटर लावा

चावी फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि इंजिन जागचे हलत नाही. हेडलाइट मात्र लख्ख. जुन्या मारुती ८०० च्या किंवा जीपच्या मालकाला अशा वेळी हमखास सांगितले जाते, ‘सेल्फ गेला.’ सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिली फिरकी देणारी स्टार्टर मोटर. मग सेल्फ खाली उतरतो, नवे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) पडतात आणि पंधरा दिवसांनी तोच ‘टक्’ परत ऐकू येतो. गोव्यात, त्यातही बार्देश, मुरगाव, सासष्टी अशा किनाऱ्याच्या तालुक्यांत, दोष पुष्कळदा सेल्फमध्ये नसतोच. बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर जे चार-सहा सांधे आहेत, त्यांतल्या एखाद्यावर तो बसलेला असतो.

यामागचे गणित सोपे आहे. लहान पेट्रोल इंजिन फिरवताना सेल्फ साधारण १०० ते १५० अँपिअर करंट ओढतो, डिझेल जीपमध्ये २०० च्याही वर. गंजलेल्या एका लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) फक्त ०.०१ ओहम रोध आहे असे धरा. १५० अँपिअर वाहताना त्या एका जागी दीड व्होल्ट खर्ची पडतो आणि २२५ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून सेल्फ मारून झाल्यावर हाताला गरम लागणाऱ्या लगवर पहिला संशय घ्यावा. दोन्ही हेडलाइट मिळून जेमतेम १० अँपिअर घेतात. त्याच सांध्यावर त्यांचा ०.१ व्होल्ट जातो, तो डोळ्यांना कळतसुद्धा नाही. बॉडी आणि इंजिन जोडणारी अर्थिंगची (करंटच्या परतीच्या वाटेची) पट्टी सडली असेल, तर हेडलाइटचा करंट त्या वाटेने जातच नाही. तेव्हा दिवे लख्ख लागतात म्हणून वायरिंग चांगले, हा निष्कर्ष काढू नका.

सांधे इथे इतक्या लवकर का बिघडतात? हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. समुद्रावरून आलेला खार एकदा सांध्यावर बसला की पाऊस नसतानाही तिथे ओल टिकते. तांब्याचा लग, शिशाचा टर्मिनल आणि लोखंडी बॉडी असे वेगवेगळे धातू त्या खाऱ्या ओलीत एकमेकांना भिडले की गंज झपाट्याने चढतो. तो केबलच्या आतही शिरतो. वरचे आवरण नव्यासारखे दिसते, आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या असतात. लगजवळ केबल वाकवून पाहा. ती कडक लागली, आत करकर जाणवली, तर बदलून टाका.

आता मोजणी. गाडी काही तास उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे येतील. गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची बारीक वायर काढा, डिझेलमध्ये फ्युएल सोलेनॉइडची (इंधन बंद-चालू करणाऱ्या विजेच्या झडपेची). चावीवर एका माणसाला बसवा. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा.

मीटर (मल्टिमीटर) डीसी २० व्होल्टवर ठेवा. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खांबांमधला व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. मग मीटरचा एक प्रोब (टोकदार सळई) मायनसच्या खांबावर आणि दुसरा सेल्फच्या उघड्या धातूवर टेकवा. प्रोब क्लॅम्पवर (खांबाला आवळलेल्या केबलच्या पकडीवर) नको, थेट शिशाच्या खांबावरच टेकवा, कारण गंज नेमका खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये असतो. सेल्फ मारताना इथे ०.३ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग खराब. शेवटी प्लसच्या खांबापासून सोलेनॉइडमधून (सेल्फवरच्या, चावी फिरवल्यावर मोटरला करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचमधून) मोटरमध्ये जाणाऱ्या जाड बोल्टपर्यंत मोजा. चावी बंद असताना इथे जवळजवळ १२ व्होल्ट दिसतात. घाबरू नका, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट तेव्हा उघडे असतात. सेल्फ मारताच आकडा ०.५ च्या आत यायला हवा. ‘टक्’ होऊनही तो १२ च्या आसपासच राहिला तर सोलेनॉइडमधली तांब्याची चकती जळली आहे.

ओहम मोजून हे कळणार नाही. मीटरच्या वायरींचाच रोध या दोषापेक्षा कितीतरी जास्त असतो. मीटर जवळ नसेल तर जंपर केबल मायनसच्या खांबापासून थेट इंजिनाच्या धातूला जोडा. सेल्फ जोरात फिरला, तर अर्थिंग खराब आहे हे ठरले.

दुरुस्ती करताना मायनस आधी काढा आणि शेवटी जोडा. सांधा पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा, आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली चोपडा. किनाऱ्याजवळच्या जुन्या गाडीला मायनसपासून थेट गियरबॉक्सच्या बोल्टपर्यंत २५ चौरस मिलिमीटरची एक जादा केबल टाकणे हा फार चांगला खर्च आहे. डिझेलला याहून जाड घ्या.

सगळे आकडे ठीक येऊनही सेल्फ मुका असेल, तर मात्र कार्बन झिजले आहेत. बॉडीवर हलके टकटक केल्यावर फिरला तर खात्रीच. हातोडा मारू नका, काही सेल्फमध्ये चुंबक असतात आणि ते तडकतात. बॅटरी चांगली असून व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल आणि सेल्फ रेंगाळत असेल, तर बुश (दांड्याला आधार देणारी बाही) झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आत घासत असण्याचा संभव मोठा. नुसती ‘कट-कट-कट’ ऐकू आली तर बॅटरी किंवा सांधे. ते ठीक निघाले तर सोलेनॉइडची धरून ठेवणारी कॉइल तुटलेली असेल. मोटर घर्र फिरते पण इंजिन हलत नाही, हे बेंडिक्सचे (सेल्फचे दाते इंजिनाच्या चक्रात अडकवणाऱ्या भागाचे) लक्षण. चोर्ला घाट चढून थांबलेली गाडी गरम असताना सेल्फ घेत नाही आणि अर्ध्या तासाने घेते, त्यालाही कारण आहे. तांबे ६० अंशांनी तापले की त्याचा रोध सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढतो. आधीच अशक्त सांधा असलेल्या गाडीला एवढे पुरते.

एका लक्षणात मात्र मोजत बसू नका. इंजिन चालू झाले, चावी सोडली, तरी सेल्फचा किंचाळल्यासारखा आवाज थांबत नाही, म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटले आहेत. चावी बंद करा, इंजिन थांबवा आणि सेल्फ तरीही फिरत असेल तर लगेच बॅटरीचा मायनस काढा. तो काढताना ठिणगी उडेल, तोंड लांब ठेवा. नवा सोलेनॉइड बसेपर्यंत मायनस परत जोडू नका.