प्रायश्चित्त ते आधण

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात कोणी जिना चढताना दिसलं की आई आधण ठेवते. काम काय आहे, हे चहानंतर. गायकवाडांच्या मागोमाग अठराव्या शतकापासून मराठी घरं बडोद्यात येत गेली, पण त्या पहिल्या मंडळींच्या स्वयंपाकघरात चहा नव्हता. तो फार उशिरा आला, आणि सहज आला नाही.

ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं फिरली. हजर असलेल्यांत टिळक आणि रानडेही होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. हरकत होती ती मिशनऱ्यांच्या हातचं पिण्याला. एका पेल्यापायी माणसं वाळीत पडायची वेळ आली होती, हे आज मुलांना सांगून खरं वाटत नाही.

तोवर आसामात चहाचे मळे उभे राहिले होते. तिथले सिंगफो लोक ते झाड आधीपासून वापरत. आसामातल्याच मनीराम दिवाणांकडून त्याची माहिती स्कॉटिश व्यापारी रॉबर्ट ब्रूसला १८२३च्या सुमारास मिळाली आणि १८३९च्या जानेवारीत आसामचा चहा लंडनच्या लिलावात पोचला. पुढे कित्येक वर्षं बहुतेक माल परदेशीच जाई. आपल्याला चहाची सवय मुद्दाम लावली गेली. प्रचारासाठी १९०३मध्ये चहावर उपकर बसला, आणि १९३०च्या दशकात तर प्रचारक गावोगाव चहा करून दाखवत, पाजत फिरले. त्यांना हवा होता मुरवलेला चहा, वरून थोडंसं दूध. आपल्या लोकांनी पाणी, दूध, साखर, आलं एकाच पातेल्यात उकळलं. मला हे फार आवडतं. शिकवणारे एक शिकवून गेले आणि लोकांनी आपल्या चवीचं केलं.

त्याला साथ मिळाली सीटीसीची. १९३०च्याच दशकात आसामात निघालेलं हे यंत्र पानं चिरडून, फाडून बारीक दाणे वळतं. थोड्या पावडरीत रंग आणि कडकपणा उतरतो, आणि दुधातलं प्रथिन तुरटपणा मारतं. स्वस्तात कडक कप मिळू लागला तेव्हा चहा खऱ्या अर्थाने घरोघरी गेला. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी जवळपास ८० टक्के आपणच पितो.

बडोद्यात त्यात फुदिना पडतो आणि गवती चहाची पातही. तिला इथे 'लीली चा' म्हणतात, शब्दशः हिरवा चहा. पुण्याहून आलेल्या माझ्या आत्याला तो ग्रीन टी वाटला होता! गुजरातीत चा स्त्रीलिंगी, मराठीत चहा पुल्लिंगी. आमची मुलं दोन्ही बोलतात. चिनी भाषेतही मूळ शब्द 'चा'च.

चहा वर आला की आई सांडशीने पातेलं उचलते, खाली बसू देते, पुन्हा ठेवते. असं तीनदा. तेवढ्यात शेजारच्या काकी दारातूनच सांगतात, "मने अडधी चालशे." आई कप भरतेच. काकी अर्धा चहा बशीत ओततात आणि ती बशी आईपुढे सरकवतात.